चौथ्या दारातलं खोडरबर

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या प्रकाशनसंस्थेचे मालक, प्रमुख पाहुणे, म्हणजे चित्रं काढणारं यंत्र कसं वापरावं हे ज्यांनी आपल्याला शिकवलं ते तंत्रसल्लागार, आपले व्यवस्थापक, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आपल्या ज्येष्ठ चित्रकार ताई, पहिल्या रांगेतले ताईंचे यजमान, आणि चहाच्या टेबलाजवळच्या खुर्च्या अर्धा तास आधी येऊन धरून ठेवणारे माझे चाणाक्ष सहकारी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी इथला मुद्रितशोधक. गेली सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. त्यामुळे बोलायला उभा राहिलो की समोरच्यांच्या चेहऱ्यावर जी काळजी उमटते, ती मला ओळखता येते. व्यवस्थापकसाहेब, काळजी करू नका. मी आज फक्त गौरव करणार आहे.

सुरुवात या तसबिरीच्या गौरवाने करतो. माझ्या उजव्या हाताला, स्टँडवर, ताईंना भेट म्हणून दिलेलं हे चित्र आपण मघाशी टाळ्यांच्या गजरात उघडलं. सुंदर आहे. ताईंचा चष्मा गेलाय, केस काळे झालेत, गालावर खळी आलीय आणि मागे कुठलातरी समुद्र आलाय. ताई चाळिशीनंतर समुद्रावर गेल्याचं मला आठवत नाही, पण असो. पडदा बाजूला झाला तेव्हा ताईंच्या यजमानांनी माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "ह्या कोण?" लग्नाला चौतीस वर्षं झालेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, म्हणून सांगितला.

हे चित्र कुणा एकाने केलेलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. ते आपल्या 'इंटरफेस निवड समिती'ने सामायिक खोलीत बसून केलं. सातही सभासदांनी एकेक सूचना केली आणि यंत्राने एकही सूचना नाकारली नाही. यंत्राचा हा एक मोठाच गुण आहे. ताईंकडे तो कधीच नव्हता.

आता ज्यांना ही समिती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. या नव्या एआय यंत्राला आत शिरायची चार दारं आहेत. इंटरफेस म्हणतात त्यांना, मी आपला दारं म्हणतो. पहिल्या दारात आपण एकटे बसून यंत्राशी गप्पा मारतो, हवं ते लिहितो, ते चित्र देतं. दुसरी सामायिक खोली. तिथे सगळ्यांनी लिहायचं आणि सगळ्यांचं सगळ्यांना दिसायचं. तिसऱ्या दारात नुसत्या सरकपट्ट्या, उजेड इतका, रंग तितका. आणि चौथं दार म्हणजे एक कोरा कागद. स्क्रीनवर पेनने आपणच काढायला लागायचं, यंत्र मागे उभं राहून मदत करणार. नको तेवढाच भाग पुसायचा आणि तेवढाच पुन्हा काढायचा.

यातलं आपल्या कामाला योग्य दार कोणतं, हे ठरवायला सात जणांची समिती नेमली. मालक, व्यवस्थापक, हिशेबनीस, विक्रीचे दोघे, गोदामाचे प्रमुख आणि सचिव म्हणून मी. या सात जणांत चित्र काढता येणारा एकही माणूस नव्हता. हा योगायोग नव्हता बरं का. पहिल्याच बैठकीत तसा रीतसर विचार झाला होता, की चित्रकाराला घेतलं तर तो एका बाजूला झुकेल. किती दूरदृष्टी! उद्या स्वयंपाकघर बांधायचं तर जिला रांधता येतं तिला आधी घराबाहेर पाठवावं, नाहीतर ती ओट्याच्या उंचीबद्दल काहीतरी बोलायची.

समितीच्या अकरा बैठका झाल्या. इतिवृत्त मी लिहिलं, या वहीत आहे. पहिलं दार नापास झालं, कारण त्यात माणूस एकटा काय करतो ते साहेबांना दिसत नाही. तिसरं नापास झालं, कारण गोदामप्रमुखांनी सगळ्या पट्ट्या एकदम उजवीकडे सरकवल्या आणि पडद्यावर जे आलं ते बघून हिशेबनीसांना बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. राहिली दोन. सामायिक खोली आणि कोरा कागद.

चौथ्या दाराबद्दलचं माझ्याच हस्ताक्षरातलं वाक्य वाचतो. "या इंटरफेसमध्ये एका वेळी एकच व्यक्ती काम करू शकते, तसेच चित्र खोडण्याची सोय आहे; दोन्ही गोष्टी वेळखाऊ." व्यवस्थापकसाहेबांनी तेव्हा मनापासून विचारलं होतं, "एकच जण काढणार? मग बाकीच्या सहा जणांनी काय करायचं?" हा प्रश्न मी इतिवृत्तात तसाच उतरवून घेतला.

खोडण्यावरून आठवलं. नव्या लोकांना माहीत नसेल, पण ताईंना या इमारतीत सगळे 'खोडरबरताई' म्हणतात. त्यांच्या टेबलावर पेन्सिल एक आणि खोडरबरं पाच. चित्र काढायच्या आधी त्या लेखकाला फोन करायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, "यातलं माणूस कुठे बघतंय?" लेखक गडबडायचा. आपल्या गोष्टीतलं माणूस कुठे बघतंय याचा त्याने विचारच केलेला नसायचा! मग तो दोन दिवसांनी फोन करून सांगायचा, आणि कितीतरी वेळा गोष्टच बदलून पाठवायचा. माझं काम वाढायचं. मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "अहो भाऊ, डोळे चुकले तर बाकीचं बरोबर असून काय उपयोग? नाक कसंही चालतं. तुमच्याकडे बघा की."

तर समितीने एकमताने सामायिक खोली निवडली. 'एकमताने' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येतो.

खोलीचं पहिलं मोठं काम म्हणजे आपल्या परिचारिकाबाईंचं पुस्तक. त्या बसल्या आहेत तिथे, तिसऱ्या रांगेत. बाईंनी तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली. ऑपरेशनला जाणाऱ्या मुलांना आदल्या दिवशी वाचून दाखवता यावं म्हणून त्यांनी एक छोटी गोष्ट लिहिली. पाय प्लास्टरमध्ये, सात वर्षांची मुलगी, खाटेवर बसलेली, डॉक्टर समोर उभे. मुखपृष्ठावर हेच हवं होतं. बाईंची एकच अट होती, मुलगी हसता कामा नये आणि घाबरलेलीही दिसता कामा नये. "मूल त्या वेळी धीर गोळा करत असतं," असं त्यांनी लिहून दिलं होतं.

मग खोलीत सात जण लिहायला बसले. "आनंदी करा." "थोडी कमी आनंदी." "वॉर्ड प्रसन्न हवा." "डॉक्टर तरुण घ्या, विक्रीला बरं." आणि आपलं यंत्र इतकं आज्ञाधारक, की त्या खोलीत जे लिहाल ते सगळं त्याला चित्राबद्दलच वाटतं. व्यवस्थापकांनी मध्येच लिहिलं, "कुणीतरी तो पंखा बंद करा हो." पुढच्या चित्रात मुलीच्या डोक्यावर पंखा आला. बंद होता, हे कबूल केलं पाहिजे. हिशेबनीसांनी "चहा आला का?" असं विचारलं आणि शस्त्रक्रियेच्या तयारीत असलेल्या डॉक्टरांच्या हातात किटली आली. आणि आम्ही कपाळावर हात मारून घेण्याऐवजी काय केलं? "किटली काढा," असं सात जणांनी सात वेळा लिहिलं. पुढच्या चित्रात सात किटल्या!

अशी त्रेचाळीस चित्रं झाली. त्रेचाळीसही मुली दात दाखवत होत्या. बाईंनी त्रेचाळीसही परत पाठवली, आणि शेवटच्या पाकिटावर लिहिलं, "या मुलीचं काही दुखत नाहीये. हिला घरी पाठवा."

चव्वेचाळिसावं मात्र त्यांनी एका दिवसात पसंत केलं. तेच हे, आपल्या सगळ्यांच्या मागे, या मोठ्या फलकावर. मुलीच्या मुठीत चादरीचा काठ आहे. ती डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत नाही, त्यांच्या बुटांकडे बघतेय. बघा एकदा वळून. मी थांबतो.

आपल्या प्रमुख पाहुण्यांनी मघाशी याच चित्राचं अर्धा तास कौतुक केलं. "सामूहिक सर्जनशीलतेचा विजय," असे त्यांचे शब्द, मी लिहून घेतलेत. योग्य इंटरफेस निवडला की सामान्य माणसंही काय करू शकतात, याचा हा पुरावा, असंही ते म्हणाले. व्यवस्थापकसाहेबांनी तर या चित्रासाठी कोणते शब्द टाइप केले होते ते मला तीनदा विचारलंय. ते शब्द छापून प्रत्येक टेबलावर लावायचेत म्हणे. साहेब, तिन्ही वेळा मी "शोधतो" म्हणालो. आज सांगतो. शब्द नाहीत. या चित्रामागे एकही शब्द टाइप केलेला नाही.

चव्वेचाळिसावं चित्र सामायिक खोलीत झालंच नाही. ते माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर, चौथ्या दारातून झालं. आणि ते ताईंनी काढलं.

अध्यक्षमहोदय, माझी पाच मिनिटं संपली हे मला दिसतंय. आपण घड्याळाकडे बघताय. माणूस कुठे बघतंय हे बघायची मलाही सवय लागलीय. पण आता मधेच थांबलो तर ते या सभागृहाला बरं दिसणार नाही.

ताई तीन वर्षं आधी निवृत्ती घेताहेत. स्वेच्छेने, असं पत्रात आहे. का घेताहेत, याबद्दल जिन्यात, लिफ्टपाशी, चहाच्या टेबलाजवळ आपण सगळ्यांनी एकमेकांना सांगून ठेवलंय की त्यांना यंत्राची भीती वाटते. जुन्या वळणाच्या आहेत, जमत नाही बिचारीला. किती कनवाळू आहोत आपण!

आज सकाळी मी ताईंना विचारलं, "खरं कारण सांगू का?" त्या म्हणाल्या, "सांगा. आता काय राहिलंय लपवायचं? फक्त कुणाला रडवू नका आणि लांबवू नका." दुसरी अट मी केव्हाच मोडलीय, पहिली पाळायचा प्रयत्न करतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका पुस्तकाची प्रुफं बघत होतो. एका मांजराच्या मिशीची रेघ मला दुहेरी दिसली. छपाईचा दोष असेल म्हणून मूळ चित्र बघायला ताईंच्या टेबलापाशी गेलो. दोष छपाईचा नव्हता. ताईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं होतं. "वैद्यकीय काहीतरी नाव आहे," त्या म्हणाल्या, "जीवावर बेतायचं नाही म्हणे. नुसतं थरथरायचं. भाऊ, कुणाला सांगू नका हं. नाहीतर लोक माझ्या रेघेकडे बघायच्या आधी हाताकडे बघतील." मी सांगितलं नाही. त्यानंतर पाच खोडरबरांची सात झाली, एवढंच कुणाच्या लक्षात आलं असेल तर आलं.

आता अकराव्या बैठकीत या. सल्लागारसाहेब चौथं दार दाखवत होते. ताई समितीत नव्हत्या, पण नमुन्याची फाइल आणून द्यायला त्यांना बोलावलं होतं. फाइल छातीशी धरून त्या दारात उभ्या होत्या. साहेबांनी स्क्रीनवर मुद्दाम वेडीवाकडी रेघ ओढली, एक बटण दाबलं आणि ती रेघ शांत झाली. "बघा," ते म्हणाले, "हात थरथरत असला तरी चालतं. पण आता थरथरणाऱ्या हाताचा माणूस चित्र काढायला येईल कशाला?" सगळे हसले. छान विनोद होता. ताईसुद्धा हसल्या.

पण हसण्याआधी त्या स्क्रीनकडे बघत होत्या. आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. त्या रेघेकडे बघताना त्यांचा जो चेहरा झाला होता, तो, बाई, तुमच्या वॉर्डातल्या मुलीचा होता. त्या धीर गोळा करत होत्या. त्यांना वाटलं होतं, हे दार मिळालं तर आणखी तीन वर्षं निघतील. तीन कशाला, दहाही निघाली असती.

मालकांनी विचारलं, "सामायिक खोली घ्यायला कुणाची हरकत?"

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "माझी आहे." हाताबद्दल एक अक्षर बोलायची गरज नव्हती. मी म्हणू शकलो असतो की खोडता येत नाही तिथे चित्र होत नाही. मी म्हणू शकलो असतो की ताईंना विचारूया, त्या दारातच उभ्या आहेत. गुपित राखायचं होतं, हे कारण मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. खरं कारण असं, की सहा जण एका बाजूला होते, चहा आला होता, आणि त्यांनी विचारायच्या आधीच मी वहीत 'एकमताने' असं लिहूनही टाकलं होतं. लिहिलेलं कोण खोडणार? मी मान खाली घालून पुढचं लिहायला लागलो.

मग परिपत्रक निघालं की सर्व चित्रकारांनी यापुढे सामायिक खोलीत टाइप करूनच काम करावं. ताईंचं टाइप करणं म्हणजे एक बोट, तेही आधी हवेत दोनदा थरथरून मग भलत्याच अक्षरावर. कुणी किती काम केलं त्याच्या मासिक तक्त्यात त्यांचं नाव खाली खाली गेलं. चौथ्या महिन्यात त्यांनी अर्ज दिला. यंत्राची भीती!

अहो, या इमारतीत ते यंत्र नीट शिकलेलं एकच माणूस आहे, आणि त्यांनाच आपण आज पुष्पगुच्छ देऊन दाराबाहेर सोडतोय.

अर्ज दिल्याचं ऐकलं त्या शनिवारी मी त्यांना म्हणालो, "उद्या दुपारी घरी या." सचिव म्हणून चारही दारांचे पासवर्ड माझ्याकडे होते, ते परत मागायचं कुणाला सुचलं नव्हतं. माझी मुलगी शिकायला गेली तेव्हा तिचा पेनचा स्क्रीन घरीच राहिला होता. ताई आल्या, बसल्या, आणि हात टेबलावर टेकवेनात. आमची ही आत गेली, एक टॉवेल घडी घालून घेऊन आली आणि त्यांच्या मनगटाखाली सरकवला. मी काहीतरी सुचवायला लागलो तर म्हणाली, "ताई, तुम्ही चालू द्या. ह्यांना मी भाजी आणायला पाठवते." त्या घरातली समिती एवढीच.

ताईंनी आधी परिचारिकाबाईंना फोन केला. "मुलगी कुठे बघतेय?" बाई म्हणाल्या, "बुटांकडे. सगळी मुलं डॉक्टरांच्या बुटांकडेच बघतात हो." त्रेचाळीस चित्रांत हा प्रश्न आपण सात जणांनी मिळून एकदाही विचारला नव्हता. सहा रविवार ताई ते डोळे पुसत होत्या आणि काढत होत्या. रेघ थरथरत जायची, यंत्र ती सावरायचं. एके ठिकाणी मात्र त्यांनी ते सावरणं बंद केलं. चादरीच्या त्या काठापाशी. म्हणाल्या, "ही रेघ माझीच राहू दे. मुलीच्या मुठीत आहे ना, ती थरथरायलाच हवी." दिसतेय का पुढच्या रांगेतून?

सहाव्या रविवारनंतरच्या सोमवारी ते चित्र मी गुपचूप खोलीत टाकलं, नाव न घालता. बाकीच्या सहाही जणांना वाटलं की ते आपल्याच सूचनेने झालं. म्हणून तर इतकी टाळ्यांची साथ मिळाली.

आता आभाराकडे वळतो. अध्यक्षमहोदयांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. प्रमुख पाहुण्यांचे विशेष आभार, कारण त्यांनी ते चौथं दार आम्हाला दाखवलं तरी. परिचारिकाबाईंनी दुसरं पुस्तक लिहून पूर्ण केलंय, आणि चव्वेचाळिसावं ज्यांनी काढलं त्यांनीच तेही काढावं, नाहीतर पुस्तक इथे देणार नाही, असं त्यांनी मालकांना आज दुपारी पत्राने कळवलंय. त्यांचेही आभार. आपल्याला उत्तर द्यायचं आहे, साहेब. पण कोणत्या दारातून बोलवायचं ते आधी ठरवा.

आणि एक काम माझं राहिलंय. अकराव्या बैठकीच्या इतिवृत्तावर अध्यक्षांची सही अजून व्हायची आहे. त्यातला 'एकमताने' हा शब्द मी आज सकाळी लाल पेनने खोडला आणि समासात लिहिलं, "सचिवाची हरकत होती. त्याने ती सांगितली नाही." सव्वीस वर्षांत मला सापडलेली ही माझी स्वतःची पहिली चूक. सही करायची की नाही, ते आपण ठरवावं. वही इथे, या तसबिरीच्या पायाशी ठेवतो.

भाषणाच्या शेवटी काही अधिक-उणं बोललो असेन तर सभागृहाने क्षमा करावी, असं म्हणायची पद्धत आहे. आज मी जे बोललो त्याची क्षमा मागत नाही. त्या दिवशी जे बोललो नाही त्याची मागतो, आणि ती सभागृहाकडे नाही. ताई, तुम्ही दारात फाइल घेऊन उभ्या होतात आणि मी मान खाली घालून लिहीत होतो. मला माफ करा. नाही जमलं तरी समजू शकेन.

माफ केलं किंवा नाही केलं, तरी रविवारी दोन वाजता घरी या. हिने टॉवेल घडी घालून ठेवलाय.

धन्यवाद.